दार चुकीचं आहे

काच पडली तेव्हा ती त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. पडली म्हणजे फुटली नाही. गाडीच्या दाराच्या आत, पत्र्याच्या पोटात धप्पकन खाली गेली आणि दिसेनाशी झाली. त्यांच्या हातातलं हँडल मात्र फिरतच राहिलं, दोर तुटल्यावर रहाट रिकामा फिरत राहावा तसं. चार फेरे, पाच फेरे. मग त्यांनी हात काढून गुडघ्यावर ठेवला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं त्याच्याकडे पाहिलं. शेडच्या पत्र्यावर एक पक्षी नखं वाजवत इकडून तिकडे गेला. तिचा हात अजून त्यांच्या मानेशीच होता. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांतला ओळखीचा उजेड कसा सरकत सरकत मागे जातो ते तिला इतक्या जवळून दिसलं की तिने हात मागे घेतला. ते अदबीने म्हणाले, "बाई, तुमचं काही पडलं का?"

तिच्या मनगटावरच्या घड्याळात चार वाजून तीन मिनिटं झाली होती. म्हणजे आज तीनच मिनिटं. एरवी वीस मिळायची, एखाद्या चांगल्या दिवशी अर्धा तास. उरलेल्या तेवीस-साडेतेवीस तासांत ती 'बाई' होती. दीड वर्ष झालं होतं. घरात ते कधी तिला पाहुणी समजत, कधी कचेरीतून फाईल घेऊन आलेली कुणी, कधी शेजारीण. पण कोणीही समजले तरी सभ्यपणा सोडत नसत. पाण्याचा पेला हातात दिला की आभार मानत. बिछाना घातला की म्हणत, तुम्हाला उगाच त्रास. एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाने तिच्या हातचं सगळं 'आण गं' म्हणून घेतलं, त्याने आभार मानले की तिला आपल्याच घरात पाऊल कुठे ठेवावं कळत नसे. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असंही एकदा तिच्या मनात आलं होतं, आणि मग त्या विचाराची तिची तिलाच लाज वाटली होती. इतका गरीब स्वभाव राखला होता देवाने शेवटपर्यंत, आणि आपण मागतोय काय?

चारचा नेम योगायोगाने सापडला होता. मागच्या शेडमध्ये जुनी गाडी उभी होती. चालत नव्हती, बॅटरी मुलीनेच काढून ठेवायला लावली होती, बाबा चुकून बाहेर पडतील म्हणून. एका दुपारी ती शेडमध्ये शिडी आणायला गेली, आणि हे तिच्या मागोमाग आले, गाडीचं दार उघडून आपल्या जागी बसले, हँडल फिरवून काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं आणि म्हणाले, "अगं, चल ना. किती वेळ?" शिडी तिथेच टाकून ती पलीकडून जाऊन बसली. त्या दिवशी ते पुष्कळ बोलले. रस्ता मोकळा आहे म्हणाले. पुढच्या वळणावर थांबू म्हणाले. मुलीची परीक्षा कधी आहे असं विचारलं. मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई होती, पण तिने सांगितलं, पुढच्या महिन्यात. गाडी जागची हलत नव्हती, समोर भिंत होती, भिंतीवर टांगलेला पाण्याचा पाईप होता, आणि ती 'अगं' होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने त्यांना पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशीही. मग तिने मनाशी ठरवून टाकलं. नेम म्हटला की त्यात आज आणि उद्या नसतं. अंगात ताप असो, दारात पाहुणे असोत, बाहेर वादळ असो, चार वाजता ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून, केसांवरून कंगवा फिरवून, त्यांना शेडमध्ये घेऊन जाई. सगळ्याचं मर्म त्या कोपरात होतं हे तिला हळूहळू उमगलं. काच खाली गेली, कोपर बाहेर गेलं, वाऱ्याने बाहीची कड हलली, की ते परत येत. कुठून येत ते तिला ठाऊक नव्हतं. मुलीला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. मुलगी फोनवर म्हणायची, आई, तू त्यांना त्या डब्यात कशाला नेऊन बसवतेस, पडले बिडले तर? आणि एकदा, मायेनेच, म्हणाली होती, "आई, ते तुला ओळखत तरी नाहीत गं. वृद्धाश्रमात नीट बघतील त्यांना."  वीस मिनिटांची गोष्ट अशी होती की बोलली तर विरून जाईल अशी भीती वाटायची.

दारांचं आणि कुलपांचं काम करणारा एक मिस्त्री होता, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. जुन्या गाडीचं दार म्हटल्यावर तो पिशवी घेऊन आलाच. त्याने स्क्रू काढले, क्लिपा एकेक करून सोडवल्या आणि दाराचं आतलं अस्तर अलगद उचलून भिंतीला टेकवलं. तिला आपलेच टाके दिसले. ते अस्तर तिने शिवलं होतं, तपकिरी जाड कापडाचं, कडेला दुहेरी शिलाई. शिवणाच्या शाळेत तिने तीस वर्षं मुलींना शिकवलं होतं. वाकडी शिलाई दिसली की तिचं एकच वाक्य असे, 'उसव'. मुली तिला मागून उसवबाई म्हणत, आणि तिला ते माहीत होतं, आणि तिला ते आवडतही असे. अस्तरामागे दाराचा उघडा पत्रा होता, मध्ये एक ओबडधोबड भोक, त्यात अंधार. मिस्त्रीने त्या भोकातून हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, दिवा आणू का? तो म्हणाला, "नको काकू. इथलं हाताला दिसतं." त्याची बोटं आत काहीतरी चाचपत होती, चेहऱ्यावर झोपेत ऐकणाऱ्या माणसासारखा भाव होता, आणि तिला वाटलं, हेही असंच काहीतरी शोधत असतील दिवसभर, डोळ्यांनी न दिसणारं, आपण मात्र सारखे दिवा आणू का, दिवा आणू का करत त्यांच्या भोवती.

तासाभराने यंत्र बाहेर आलं. लांब दांडा, टोकाला एक छोटं चाक, आणि दुसऱ्या टोकाला पंख्यासारखी दातेरी पट्टी. मधले दात पार झिजले होते, म्हाताऱ्याच्या हिरडीसारखे. मिस्त्रीने ते उलटं पालटं केलं, आपल्या पिशवीतून जुन्या गाड्यांच्या भंगारातून आणलेली जोडी काढली आणि शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही दारांची दोन यंत्रं एकत्रच मिळाली होती त्याला, विकणारा जोडी फोडायला तयार नव्हता. मग त्याने विचारलं, "काकू, हे त्या बाजूच्या दाराचं या बाजूला बसवलेलं आहे. हँडल उलटं फिरत असेल तुमचं. नवं बसवताना तसंच ठेवू, का सरळ करू?"

ती हसली. हसू आलंच तिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ही गाडी तिसऱ्या हाताने त्यांच्याकडे आली होती. काही महिन्यांत काचेचं यंत्र मोडलं. मिस्त्री कशाला, आपण करू, म्हणून एका रविवारी हे भंगारवाल्याकडून यंत्र घेऊन आले आणि दिवसभर दाराला भिडले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होते ते. अख्खं आयुष्य नकाशे काढण्यात गेलेलं, या बाजूची नळजोडणी त्या बाजूला, याचा आरसा तो आणि त्याचा आरसा हा. संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात घेऊन, विजयी चेहऱ्याने, त्यांनी तिला दाखवायला बोलावलं. हँडल पुढे फिरवलं की जगातल्या साऱ्या काचा खाली जातात. यांची वर जात होती. खाली करायची तर मागे फिरवायचं. तिने एका नजरेत ओळखलं. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुली ही चूक करतात. डावी बाही उजव्या खांद्याला लावतात, ती बसतेही, छान दिसतेही, पण हात पुढे घेतला की ओढते. ती म्हणाली, "बाही उलटी लावलीत तुम्ही." त्यांनी हँडलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आरेखकाच्या तोंडून उजवं-डावं चुकलं हे निघायला जीभ रेटेना. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. दार चुकीचं आहे."

हे वाक्य घरात चाळीस वर्षं चाललं. पाहुणे गाडीत बसले की ती सुरुवात करायची आणि ते शेवट करायचे. मुलगी बोलायला लागली तेव्हा तिला 'दार चुकीचं' हे दोन शब्द इतर पुष्कळ शब्दांच्या आधी यायला लागले. एकदा त्यांचा धाकटा भाऊ गाडी चालवायला मागून घेऊन गेला, भर उन्हात, आणि दोन तासांनी घामाने निथळत परत आला; हँडल फिरेना तर काच जाम असेल म्हणून तसाच बसला होता बिचारा, विचारायचा मानभंग नको म्हणून. त्या दिवशी तिघं इतकी हसली होती की शेजारचे बाहेर आले. पण ते सगळंच हसण्यावारी गेलं असं नव्हतं. आता मिस्त्रीसमोर उभी असताना, अस्तरावरच्या आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवत असताना, तिला ते आठवलं नाही. ते आठवलं नंतर. आत्ता फक्त एक गोड, जुनं, शाळेतलं समाधान तिच्या बोटांत आलं, मुलीच्या हातून वाकडी बाही घेऊन एका झटक्यात दोरा ओढताना यायचं तसलं. ते आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते, हातात कालचा पेपर, उलटा. त्यांना विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. विचारून तरी काय? ती म्हणाली, "सरळच करा. चाळीस वर्षं मी हेच म्हणतेय."

मिस्त्रीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग एकदा उघड्या पत्र्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. त्याने कामाला हात घातला.

काम सुरेख झालं. एका बोटाने हँडल फिरत होतं, काच लोण्यासारखी खाली-वर जात होती. उरलेलं यंत्र त्याने कागदात गुंडाळून शेडमधल्या फळीवर ठेवलं, असू द्या म्हणाला, कधी लागलं तर. तिने दोनदा काच वर-खाली करून पाहिली, पुढे फिरवून खाली, मागे फिरवून वर, जगाच्या रीतीने. मग काच पूर्ण बंद केली, कारण काच त्यांनी उघडायची होती. चार वाजता ती त्यांना घेऊन गेली. ते बसले. हात आपसूक हँडलवर गेला. हँडल मागे ओढलं. ते हललं नाही. बंद काच आणखी वर जाणार कुठे? त्यांनी पुन्हा ओढलं, जोर लावून, मनगटावरची शीर फुगली. ती म्हणाली, अहो, पुढे फिरवा, पुढे. त्यांना ते शब्द ऐकू आले असतील, पण हाताला ऐकू आले नाहीत. तिने वाकून त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पुढे ढकलला, आणि ते दचकून मागे सरले. मग त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं, काटे थांबलेल्या घड्याळाकडे, छताकडे, सगळं एकदा तपासलं, आणि चोरी सापडल्यासारखा चेहरा करून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, उतरा. ही आपली गाडी नाही. लोकांच्या गाडीत असं बसू नये."

रात्रभर तिला वाटलं, एका दिवसाचं असेल. दुसऱ्या दिवशी तिने आधीच जाऊन काच खाली करून ठेवली. मनात म्हटलं, हँडलला हातच लागायला नको. ते आले, दबकत आले, बसले. उघड्या खिडकीकडे पाहिलं. कोपर बाहेर ठेवलं, आणि एक क्षण, खरोखर एक क्षण, त्यांचे खांदे सैल झाले. तिने श्वास रोखला. मग दुसरा हात, सवयीनेच, काच आणखी थोडी खाली करायला हँडलवर गेला. मागे. काच वर आली आणि त्यांच्या कोपराला खालून लागली. कुणीतरी ढोसावं तशी. ते घाईने बाहेर पडले, तोल गेला, तिने सावरलं, आणि तिच्या हातातून आपला दंड सोडवून घेत त्यांनी माफी मागितली. तिची, की गाडीच्या कुणा मालकाची, ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता ते उठले नाहीत. तिने बटणं लावली, कंगवा फिरवला, हात पुढे केला. ते म्हणाले, नको, तिकडे आपलं काही नाही. चौथ्या दिवशी तेच. दीड वर्षाचा नेम मोडला, आणि तिच्या हातांनी मोडला.

त्या चौथ्या दिवशी त्यांना खिडकीपाशी बसवून ती एकटीच शेडमध्ये गेली. निदान जागेवर तरी जायचं. आपल्या बाजूचं दार उघडायला म्हणून पुढे झाली, आणि का कोण जाणे, वळसा घालून त्यांच्या बाजूने आत बसली. चाळीस वर्षांत या जागेवर ती कधी बसली नव्हती. बैठक त्यांच्या अंगाने दबलेली होती, तिचं अंग त्या खोलगटात मावून उरलं. इथून भिंत वेगळी दिसत होती. तिने काच बंद केली, डोळे मिटले, मिस्त्रीसारखे, आणि हात हँडलवर ठेवला. हँडलच्या मुठीवरचा काळा मुलामा एकाच बाजूने गेला होता, आतल्या बाजूने, जिथे ओढणाऱ्या माणसाची बोटं येतात. तिने बोटं तिथे ठेवली. आणि मग ते आठवलं, जे मिस्त्रीसमोर आठवायला हवं होतं. कचेरीत एका नकाशात त्यांची चूक झाली होती. झडप या बाजूला हवी ती त्या बाजूला दाखवली गेली. कुणाचं नुकसान झालं नाही, वेळेत लक्षात आलं, पण वरच्या जागेवर दुसरा गेला. ते घरी येऊन हे सांगत होते, चप्पलसुद्धा न काढता, आणि ती मशीनवर होती, दुसऱ्या दिवशी शाळेचं प्रदर्शन, कामाचा ढीग, आणि ती मान वर न करता म्हणाली होती, "ज्याला हँडल सरळ बसवता येत नाही त्याला झडप काय येणार?" त्या वेळी त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. दार चुकीचं आहे, असं म्हणाले असते तर दोघं हसली असती आणि ते तिथेच मिटलं असतं. ते तसेच चपलांसकट बाहेर गेले आणि इथे, या बैठकीवर, काच लावून बसून राहिले. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. जावं, काच वाजवावी, चुकलं म्हणावं. हातातलं संपवून जाऊ, असं म्हणून तिने मशीन पुन्हा सुरू केलं. संपेपर्यंत ते आत आले होते, पान वाढ म्हणाले, जेवण झालं, आणि सत्तावीस वर्षं गेली. पाहुण्यांपुढे विनोद चालूच राहिला. फक्त त्यानंतर तो ती सुरू करी तेव्हा ते शेवट करण्याआधी किंचित थांबत. इतकं किंचित की तिच्याशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि तिनेही कळू दिलं नाही.

सरळ करायची केवढी ही हौस! ते भांडायला उरले नाहीत असं पाहून आपण जिंकून घेतलं. डोळे मिटलेलेच होते, तिने बोटं मुठीच्या आतल्या बाजूला घट्ट धरली आणि हँडल मागे ओढलं. ते जाम. पुन्हा ओढलं. आपल्याच घराच्या दाराला किल्ली लागू नये, आणि आतून आपल्या माणसांचा आवाज तर यावा, असं काहीतरी तिच्या मनगटातून वर चढत खांद्यापर्यंत आलं. तेव्हा तिला समजलं की ते का म्हणाले, ही आपली गाडी नाही. खरंच नव्हती.

मिस्त्री आला आणि ऐकून बसूनच राहिला. तिने सांगितलं होतं, फळीवरचं दुसरं बसवा. त्याने कागद सोडला, यंत्र हातात घेतलं आणि खाली ठेवलं. अजिजीनेच म्हणाला की काकू, सरळ केलेलं काम उलटं मी कधी केलं नाही; उद्या कुणी हे दार उघडलं तर म्हणेल, कोण हा आंधळा? शिवाय यासाठी जुनी भोकं पुन्हा मोकळी करावी लागतील, दांडा घासेल, आयुष्य कमी होईल. तिने ते सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं तिला पटत होतं. ती त्याच्या जागी असती तर हेच म्हणाली असती, त्याहून कडक शब्दांत. मग जे पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं ते तिने या परक्या माणसाला सांगितलं. वीस मिनिटं, कोपर, सगळं. सांगताना रडली नाही. टाक्यांचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्यांच्या हाताला तेवढा एकच रस्ता पाठ आहे, आणि मी तो बदलला. दाराचं आयुष्य कमी झालं तरी चालेल. आम्हाला कुठे लांब जायचंय?"

मिस्त्री बराच वेळ स्क्रूच्या डबीत बोट फिरवत राहिला. मग उठला. "सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात ते काही खोटं नाही," एवढंच पुटपुटला आणि अस्तराच्या क्लिपा सोडवायला लागला. अस्तर निघालं तसा थांबला आणि तिला जवळ बोलावलं. भोकाच्या वरच्या अंगाला, अस्तराखाली झाकलेल्या पत्र्यावर, टोचणीने कोरलेल्या बारीक रेषा होत्या. मापं, मध्यबिंदू, एक बाण. जुनी भोकं अशी पाडलेली होती की कडा कानशीने घासून गोल केलेल्या. मिस्त्री म्हणाला, चूक असो, पण हात बघा काकांचा, अशी भोकं आज कोणी पाडत नाही. आणि बाणाखाली, नकाशाच्या कोपऱ्यात लिहितात तशा उभ्या, टापटीप अक्षरांत, दोन ओळी. तिला चष्मा आणायला जावं लागलं. 'उलटं बसलं. मान्य. घरी बोलू नये.' खाली तारीख. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षातली, त्या रविवारची.

तिने विचारलं, तुम्हाला हे त्या दिवशी दिसलं नव्हतं का? मिस्त्री संकोचला. "दिसलं होतं. पण घरी बोलू नये असं लिहिलेलं, मग मी कशाला बोलू?" मग थोड्या वेळाने, हात पुन्हा अंधारात घालून, डोळे मिटता मिटता म्हणाला, आज तुम्हीच उलटं मागितलंत, म्हणून दाखवलं. ती तिथेच खाली एका उपड्या डब्यावर बसली. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी. ग्रीसचे हात, विजयी चेहरा, ते वाक्य, त्या सगळ्याच्या आधी. बोलावून दाखवण्याआधीच त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते मान्य करून, तारीख घालून, वर तिच्याच हातचं अस्तर चढवून ठेवलं होतं. चाळीस वर्षं ती ज्याच्यासाठी भांडत होती ते तिच्याच टाक्यांच्या मागे होतं. अस्तर तर तिने स्वतः बसवताना पाहिलं होतं. हँडल लावून दाखवण्याआधी, कड धरून उभी होती ती. तिला हसू आलं. झडपेच्या त्या संध्याकाळीसुद्धा, काच लावून बसलेले असताना, ते या दोन ओळींच्या शेजारीच बसले होते.

चार वाजायला आले तेव्हा दार जोडून झालं होतं, मिस्त्री हात पुसून निघून गेला होता. तिने काच बंद केली. आत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. आज तिने बटणांना हात लावला नाही, हातही पुढे केला नाही. पदर सारखा केला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "जरा तसदी देते. माझ्या गाडीची काच अडकलीय. बघता का?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. बाईमाणूस अडलेलं पाहून बसून राहणारे ते नव्हतेच कधी. बघू या, म्हणाले, आणि तिच्यापुढे चालत गेले. शेडच्या दाराशी मात्र पाय जरा घुटमळला.  ते वाकले, आत बसले, दार ओढून घेतलं. बोटं मुठीच्या आतल्या बाजूला गेली, जिथला मुलामा गेला होता. हँडल मागे आलं. काच खाली गेली, थोडी खरखरत, जुन्या आवाजात, आणि पूर्ण गेली. त्यांनी तिच्याकडे समजुतीने पाहिलं. "काही झालेलं नाही, बाई. तुम्ही उलटं फिरवत असाल."

"असेन," ती म्हणाली.

वळसा घालून ती आपल्या जागी जाऊन बसली. दोघं समोर बघत राहिली. भिंत, पाईप, पाईपवर वाळत घातलेलं फडकं. त्यांचं कोपर अजून आत होतं. बाहेरून कुणाच्या तरी अंगणातला झाडूचा आवाज येत होता, एकसारखा, मग तोही थांबला. तिने घड्याळ पाहिलं नाही. आज नाही झालं तर उद्या. उद्या नाही तर परवा. बाई म्हणून येऊन बसू, रोज काच अडकलीय म्हणू. नेम तर तिचा होता, त्यांनी कुठे काही कबूल केलं होतं? उघड्या काचेतून वारा आत आला, त्यांच्या बाहीची कड हलली. कोपर हळूच वर उठलं, कुठे टेकावं ते आठवत असल्यासारखं जरा थांबलं, आणि बाहेर जाऊन टेकलं.

ती समोर बघतच म्हणाली, सावकाश, सत्तावीस वर्षं राहून गेलेलं म्हणायचं होतं म्हणून सावकाश, "मी नीट बघितलं. यंत्र बरोबर आहे तुमचं. दारच चुकीचं आहे."

 मग त्यांनी हँडलवरचा हात काढून दाराच्या कापडावर, तिच्या दुहेरी शिलाईवर ठेवला, आणि तोंड तिच्या कानाशी आणत कुजबुजले, "अगं, हळू बोल. दाराला ऐकू जाईल."